अक्का आणि आमचा पंखा

समोरच्या अक्का आमच्याकडं आल्या की टेकायच्या आधी पंखा बंद करायच्या. लातूरच्या भर मे महिन्यात, अंगात स्वेटर! "हवाच गार हाय बाई, मला काय धाड भरलीय?" म्हणायच्या आणि बोलता बोलता खुर्चीतच डुलकी काढायच्या. माझ्या सासूबाई त्यांना आळशी म्हणायच्या, गल्ली हसायची.

शेवटी भाचीनं त्यांना ओढतच लॅबमध्ये नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, थायरॉईड कमी काम करतंय, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्या. अक्का दवाखान्यातून आल्या त्या थेट माझ्या सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या. "आळशी मी न्हाई, माझं थायरॉईड हाय!" त्या दिवशीचा त्यांचा तोरा काय सांगावा!

गोळ्या लागू पडल्या. काल आल्या त्या बिनस्वेटरच्या, आणि आल्या आल्या पंखा पाचवर. "लई उकडायलंय गं." मी गुपचूप पदर अंगाभोवती ओढून घेतला. अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या.

"हवाच गार आहे," मी म्हणाले.

"व्हय, मी बी हेच म्हनायचे. उद्या सकाळी चहा घेऊ नको, लॅबला जायचंय."