पेंटर जावईबापूंचं पहिलं वेब पेज

आमचे जावईबापू दुकानांचे बोर्ड रंगवायचे. अक्षर असं, की माझ्यासारखा गावच्या शाळेत शिकलेला गडीसुद्धा रस्त्यात थबकायचा. एकदा त्यांनी रंगवलेला न्हाव्याचा बोर्ड वाचता वाचता मी आत जाऊन बसलो आणि मिशी गमावून घरी आलो. बायकोनं दारातच विचारलं, "कोण पाहिजे?" असो, भरकटलो.

पुढे छापील बॅनर आले आणि ब्रश वाळून गेले. बापू ज्या छापखान्यात कामाला होते, तिथल्या मालकानं त्यांच्यापुढे कम्प्युटर ठेवला. "पेंटर, गिऱ्हाइकं आता वेब पेज मागतात. शिकून घ्या. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई येतील. त्यांचं पान जमलं तर हे टेबल तुमचं. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

पन्नाशी उलटलेल्या पेंटरला दुसरीकडे कोण उभं करणार? बापू मुकाट्यानं तो कम्प्युटर शिकायला घरी घेऊन आले. मोबाइलवरच्या धड्यातला पोरगा तोंडाचा पट्टा सोडून सांगायचा: खूण, म्हणजे टॅग, उघडा, मजकूर लिहा, खूण बंद करा. मला भारी मजा वाटे. शेजारी खुर्ची ओढून मी ओरडे, "बापू, ठळक अक्षराची खूण बंद करायची राहिली! सगळं पान फुगलंय बघा!"

"नाना, यांचा जीव जातोय आणि तुम्हाला हसू सुचतंय?" लेक माझ्यावर खेकसली.

खरंच जात होता. जेवताना घास हातातच राहायचा.

आता गंमत ऐका. बोर्डावर पेंटर आधी खडूची रेघ मारतो, मग दोन्हीकडं मोकळी जागा सोडून अक्षरं मधोमध बसवतो. बापूंनी इथंही तेच केलं. स्पेसबार दाबदाबून डॉक्टरीणबाईंचं नाव मधोमध आणलं. पान उघडलं तर नाव परत डाव्या कडेला चिकटलेलं! मोकळ्या जागा कितीही सोडा, ब्राउझर त्या सगळ्यांची मिळून एकच दाखवतो.

"नाना, मी सोडलेली जागा हे गिळतंय हो," बापू अगदी रडकुंडीला आले.

शेवटी न गिळली जाणारी जागा ठेवायची एक वेगळी खूण त्यांना सापडली. मग काय विचारता! ओळीच्या ओळी त्या खुणांनी भरल्या. पडद्याला दोरी लावून मापं घेतली. पान असं देखणं झालं की मी टाळ्याच पिटल्या.

शनिवारी कम्प्युटर परत पोचवायला मीही हौसेनं छापखान्यात गेलो. बाईंनी कम्प्युटरकडं बघितलंही नाही. पर्समधून मोबाइल काढला. "माझे पेशंट यावरच बघणार ना?" त्या अरुंद पडद्यावर बाईंचं नाव दोन तुकड्यांत लोंबत होतं आणि दवाखान्याची वेळ कुठल्या कुठं जाऊन पडली होती.

"पेंटर, माझ्याकडं येणाऱ्याला आधीच कमी दिसतं. त्यानं हे कसं वाचायचं?"

मालकानं छापखान्याच्या किल्लीसाठी नुसता हात पुढं केला. बापूंनी खिशातून किल्ली काढली, पण ती त्यांच्या मुठीतून सुटेना. "थोडा वेळ द्या, साहेब. बाई, तुम्ही तरी सांगा," ते म्हणाले. आवाज असा होता की मी मान खाली घातली.

बाई बसल्या. बापू खुणा पुसू लागले, एकेक करून. दोरीनं मापून बसवलेलं सगळं सुटून डावीकडं आलं. नाव, वेळ, फोन नंबर, बस्स. बाईंनी मोबाइल लांब धरून वाचलं. "हं. हे वाचता येतं."

मालकानं हात मागं घेतला. "सोमवारी या. आणि पुढचं पान आधी मोबाइलवर बघत चला."

बाहेर पडताच मी बापूंच्या पाठीत धपका घातला. "मारलंत की मैदान!"

ते रस्त्यातच थांबले. "नाना, बोर्ड झाला की मी रस्ता ओलांडून पलीकडून बघत उभा राहायचो. आज ते पान मला दुसऱ्यांदा बघवलं नाही."

घरी लेक दारातच उभी. "राहिली का हो नोकरी?"

"राहिली," बापू म्हणाले. "सोमवारी परत बसायचंय त्या कम्प्युटरपुढं." आणि चपला न काढताच आत गेले.