काळ्या पडद्यासमोरचे सर

"चिन्हसुद्धा मोठ्याने वाचा. ते मुकं नसतं." संगणकासमोर बसले की सर आधी डोळे मिटायचे आणि मग हे म्हणायचे.

डोंबिवली पूर्वेला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आमचा क्लास होता. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पर्ल नावाच्या संगणकभाषेची नवी, पाचवी आवृत्ती सर शिकवायचे. पडद्यावरची ओळ आम्ही एका सुरात वाचायचो, "माय, डॉलर, वय, बरोबर, वीस, अर्धविराम!" खाली दळण घेऊन आलेल्या एका बाईंनी विचारलं होतं, "रोज कसली आरती चालते गं तुमची?"

"जुन्या आवृत्तीत कोणतंही नाव दार न वाजवता घरात शिरायचं," सर सांगायचे. "आता वरती 'स्ट्रिक्ट'ची ओळ लिहा. मग प्रत्येक नावाने आधी उंबऱ्यावर थांबून, 'माय' लावून सांगायचं, मी अमुक. न सांगता आत आलं, की प्रोग्राम चालतच नाही."

"म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन," माझ्या शेजारी बसणारी मनीषा म्हणाली.

"वॉचमन झोपतो गं. हा झोपत नाही."

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या लकबीवर आपण हसतो, आणि तिच्यामागचं कारण नंतर कळतं. सरांना मधुमेह होता. डोळे जात चालले होते. आम्ही मोठ्याने वाचलं तरच पडद्यावर काय आहे ते त्यांना कळायचं. क्लासच्या मालकांच्या लक्षात आलं असतं तर नोकरी गेली असती, आणि त्या डोळ्यांना दुसरी कोणी दिली नसती. म्हणून वर्गाने न ठरवता एक रीत पाडली. सर काहीही म्हणोत, सगळ्यांनी "हो सर" म्हणायचं. खडू फळ्याच्या बाहेर भिंतीवर गेला तरी "हो सर".

त्याच रीतीने घात केला. एका दुपारी मालक काही पालकांना वर्ग दाखवायला घेऊन आले. नेमकी तेव्हाच पडद्याची वायर सैल झाली. यंत्र घरघरत होतं, पडदा काळा ठिक्कर. त्या काळ्या काचेवर बोट ठेवून सर समजावत होते, "ही दुसरी ओळ. दिसतेय ना सगळ्यांना?"

"हो सर!"

मालकांनी पडद्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "कुठली ओळ, सर?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

सरांचं बोट काचेवरून खाली घसरलं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या जागी दुसरेच शिक्षक. मी पेटले. आमच्या घरात अन्यायावर एकच औषध होतं, पत्रक. मजकूर लिहिला आणि सरांच्या घरी जाऊन वाचून दाखवला. मथळा होता, 'दृष्टी गेली, बुद्धी नाही!'

"जोरदार आहे," सर म्हणाले. "वाटणार कुठे?"

"स्टेशनबाहेर. भिंतींवरही लावणार."

"म्हणजे अख्ख्या डोंबिवलीला कळणार, मला दिसत नाही म्हणून." "फाड गं पोरी. मला अजून थोडे दिवस दिसू दे."

मी फाडलं. मालकांना जाब विचारायलाच हवा होता, असं मी आजही म्हणते. पण ती लढाई सरांच्या नावाने होणार होती, आणि सरांना ती नको होती.

ते टिटवाळ्याला बहिणीकडे राहायला गेले. वर्षभराने ते वारल्याचा निरोप आला तेव्हा मनीषा आणि मी त्यांच्या बहिणीला, ताईंना, भेटायला गेलो. नव्या इमारतीतलं घर. सरांची खुर्ची कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, खिडकी तिच्या पाठीमागे.

"सामान लावताना तशी राहिली," ताई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी दादा बसला आणि म्हणाला, वा, इथून डोंगर छान दिसतो. मग कोणाची जीभ उचलेना. रोज संध्याकाळी मला बोलवायचा, समोर काय काय दिसतंय ते सांगायचा."

"आणि शेवटी?" मनीषाने विचारलं.

ताई भिंतीकडे बघत राहिल्या. "शेवटच्या दिवशी म्हणाला, खालच्या रस्त्याने माझी मुलं येताहेत बघ. सगळी आहेत. चहा टाक."

"मग?"

"मग काय. टाकला मी."