पुढे केलेलं मनगट

मुलीच्या बाळंतपणासाठी मी फ्रान्समधल्या एका लहानशा गावात राहिले होते. रविवारच्या बाजारात आम्ही चीज घेत होतो, तेवढ्यात तिथले खासदार प्रचाराला आले. आधी महापौर, मग खासदार, मध्ये काही काळ मंत्रीही. पक्ष उजवा, भाषणात कायम शिस्त, कुटुंब आणि सरकारी खर्चाला कात्री.

"त्याच कात्रीत इथलं प्रसूतिगृह गेलं," मुलगी हळूच म्हणाली. आता बाळंतपणाला तासाभरावरच्या शहरात जायचं होतं.

खासदारांनी चीजवाल्या बाईंपुढे हात केला. बाईंनी मूठ मिटून मनगट पुढे केलं. कामाने हात ओले किंवा खराब असले की तिकडे असंच करतात. खासदारांनी ते सराईतपणे दाबलं, मुलीच्या पोटाकडे बघून, "मुलं हीच देशाची ताकद," असं म्हणाले आणि पुढे गेले.

बाईंनी मूठ उघडली. हात स्वच्छ, कोरडा होता.

मला फार बरं वाटलं. "मत कुणाला देणार, विचार ना," मी मुलीला म्हटलं. तिने फ्रेंचमध्ये विचारलं.

"यांनाच," बाई म्हणाल्या. "दुसरं आहे कोण?"

हे वाक्य ऐकायला मला इतक्या लांब यायची गरज नव्हती. एवढा राग, पण तो मनगटापर्यंत आला आणि तिथेच संपला. आता सगळीकडे माणसाच्या हाती बहुधा एवढंच उरलंय, हात द्यायचा नाही आणि मत मात्र द्यायचं.

तेवढ्यात विरोधी पक्षाचा तरुण उमेदवार हसत हसत आला. बाईंनी पुन्हा मूठ मिटली.