अजून न झालेला कोळसा

मार्गशीर्ष वद्य पंचमी, लढाईचं चौथं वर्ष. सकाळपासून मी ओढ्याकाठच्या डबक्यात उभी राहून अंबाडी सोलत होते. पेंढ्या पाण्यात बुडवायच्या, वर धोंडे ठेवायचे आणि थांबायचं. काडीचा मऊ भाग कुजून सुटतो, वाख उरतो, त्याचा दोर वळायचा. उशीर झाला तर वाखही कुजतो आणि हातात नुसता चिखल येतो. या कामाचा वास अंगाला बसतो. घासूनही जात नाही.

कोल्हापूरच्या वेशीबाहेर आमची लोहारकी होती. उसाच्या चरकाचा आस मोडला की गुऱ्हाळवाले आमच्याकडे यायचे. आस जोडायला दांडगी धग लागते. आसपासच्या बाभळी गुऱ्हाळांच्या चुलवाणात जाऊन संपल्या होत्या, त्यामुळे लाकडी कोळसा मिळत नव्हता. रेल्वेनं येणारा दगडी कोळसा लढाईत आटला. घरात त्याची शेवटची पाटी उरली होती, आणि दारात एक मोडका आस. ती पाटी संपली की यजमान फौजेत लोहार म्हणून नाव घालणार होते. तिथून बोटीनं बसऱ्याला, लढाईवर. आमच्या गल्लीतून गेलेल्यांपैकी एकही अजून परत आला नव्हता.

दुपारी धाकटा दीर डोक्यावर पाटी घेऊन आला. तो गडमुडशिंगीला विहीर काढत होता. चिकणमातीखाली काळा थर लागला, त्यातलं त्यानं आणलं होतं. मी बोटांनी उकलून बघितलं. आत पानं होती. पानाचा गर गेलेला, शिरांची जाळी तेवढी शाबूत. झाडाची साल होती, आणि मधेच हरभऱ्याएवढे पिवळे खडे. दिरानं त्यातला एक चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला. राळेची धूप घातल्यासारखा वास घरभर झाला.

"वैनी, कोळसा हाय ह्यो," तो म्हणाला. "अजून पुरुषभर खाली हाय."

यजमानांचा पाटीवरचा हात निघेना. मी पाटीला हळदकुंकू वाहिलं. असल्या गोष्टी मी सहसा करत नाही.

मग मी म्हटलं, आधी दोन-चार दिवस उन्हात वाळवू या.

"लोहाराला शिकीवतीस व्हय?" यजमान म्हणाले. "कोळसा वला असला म्हंजी धग धरतो."

हे खोटं नव्हतं. दगडी कोळशावर लोहार पाणी शिंपडतो, म्हणजे वरचा थर चिकटून बसतो आणि जाळ आत कोंडतो. सारी हयात त्यांनी तेच केलं होतं. म्हणून त्यांनी तो काळा गाळ ओलाच घेतला, शेवटच्या पाटीतल्या कोळशात कालवला आणि भट्टी भरली. मी भात्याला बसले.

पिवळट धूर निघाला आणि त्याबरोबर वास आला. मी तो लगेच ओळखला. सकाळपासून माझ्या हातांना होता तोच. आस कसाबसा लाल झाला, पांढरा होईना. लाल लोखंड सांधत नाही. मी खांदे भरून येईपर्यंत भाता ओढला. गाळ रटरटला, चांगल्या कोळशावर लिंपून बसला आणि जाळ गुदमरला. उकरून काढलं तर चांगला कोळसा निम्मा जळून गेलेला, उरलेल्याचा चिखलात चुरा.

धूर बघून गल्लीतले शाळामास्तर आले. ढेकूळ फोडून बराच वेळ बघत बसले. त्यांनी सांगितलं ते असं: दगडी कोळसा म्हणजे कधीकाळचं रानच. झाडंझुडपं पाणथळीत पडतात, वर गाळ बसतो, आत वारा जात नाही. मऊ असेल ते कुजून जातं. साल, राळ, पानांवरचा मेणासारखा थर, असलं चिवट ते मागं राहतं. मग त्यावर थरावर थर चढतात, आणि त्या भारानं नि खालच्या उष्णतेनं त्याचा कोळसा होतो.

"म्हंजी ह्यो कोळसाच की," यजमान म्हणाले.

"होणारा आहे. अजून झालेला नाही."

"मग कवा हुईल?"

मास्तरांनी ढेकूळ खाली ठेवलं. "नातवंडांच्या नातवंडांनी वाट बघितली तरी नाही भागायचं."

"तवर हीर झाकून ठेवतो की," दीर म्हणाला.

मला मास्तरांचं म्हणणं लगेच पटलं. आदल्या वर्षी एक पेंढी डबक्याच्या तळाशी चिखलात रुतून राहिली होती. ती या साली सापडली. काळी ठिक्कर, पण आख्खी. मी तिचं काय केलं? फेकून दिली. तिचा दोर होईना आणि ती धड जळेना. चिवट ते उरतं, हे खरं. पण उरलेलं आपल्या हयातीत आपल्या उपयोगी पडेल, असं काही नसतं. आम्हाला कोळसा त्याच दिवशी हवा होता.

यजमानांनी भाता उतरवून भिंतीशी ठेवला. उद्या नाव घालतो, एवढंच म्हणाले. मी अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार? भाकऱ्या थापल्या, दोन जास्त थापल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाकऱ्या बांधून गेले. मी वेशीपर्यंत गेले नाही. डबक्यात अजून पेंढ्या होत्या, आणखी राहिल्या असत्या तर वाखही गेला असता. पाण्यात उतरले आणि सगळ्या सोलून काढल्या.