आत्याचा वरचा कागद

माझ्या आत्याला "कशी आहेस?" विचारलं, की ती आधी मागे कोण उभं आहे ते बघायची आणि मगच उत्तर द्यायची. नावापुढे डॉक्टर, पण आयुष्यात कुणाला सुई टोचली नाही. घरात मार खाणाऱ्या बायकांच्या तब्येतीचं पुढे काय होतं, यावर तिनं उभी हयात संशोधन केलं.

घरोघरी बायकांशी बोलायला जाताना तिच्याकडे कायम दोन कागद असत. खालच्यावर खरे प्रश्न, वरच्यावर भाज्यांचे. त्या बाईची सासू डोकावली, की आत्या त्याच आवाजात, "बरं, आणि पालक आठवड्यातून किती वेळा?" सवय इतकी, की आमच्या घरीसुद्धा कुणी खोलीत आलं तर ती मला मध्येच पालक विचारायची.

गाडी मी चालवायचो. शिवाय घरच्यांना बाहेर बोलण्यात गुंतवणं माझ्याकडे. "बाळ्या, तुझ्या बडबडीचा समाजाला पहिल्यांदाच उपयोग होतोय," ती म्हणायची.

एकदा पिंपळगावजवळच्या एका वस्तीवर आत्या एका बाईशी आत बोलत असताना तिचा नवरा टेम्पो घेऊन अचानक घरी आला. मी त्याला ओट्यावर बसवलं. द्राक्षांचे भाव झाले, आणि मग मला मोठेपणा सुचला. "आमची आत्या साधी नाही बरं. बायकांना घरात मारहाण होते ना, त्यावर अभ्यास आहे तिचा!"

तो उठला आणि तडक आत गेला.  मी मागोमाग गेलो, तर आत त्याची बायको सांगत होती, "मेथी लय होते, पण ह्यांना नाय आवडत." त्यानं कागद ओढून वाचला. नुसत्या भाज्या.

"हा बाहेरचा तर मारहाणीचं सांगत व्हता."

"तो होय? त्याला कशातलं काही कळत नाही," आत्या म्हणाली. हे मात्र तिनं अगदी मनापासून म्हटलं. "बरं झालं आलात. तुम्हाला वांगी चालतात?" अर्धा तास तिनं त्याला सोडलं नाही.

परतताना ओझर आलं. तेव्हा ती म्हणाली, "आज तिला मार बसला, तर तो तुझ्या तोंडामुळे."

दोन दिवसांनी ती एकटीच एसटीनं गेली, कडधान्यं विचारायची राहिली म्हणून. बाई धड होती. आत्यानं तिच्याकडून आमचा इंदिरानगरचा पत्ता पाठ करून घेतला. चिठ्ठी घरात सापडायला नको.

पुढे आत्या निवृत्त झाली आणि लेकीकडे बंगळुरूला गेली. गेल्या उन्हाळ्यात दुपारी बेल वाजली. दारात तीच बाई, हाताशी मुलगी. "डॉक्टरबाई हायेत का?" मला ओळखलं आणि एक पाऊल मागे सरकली. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, आत्याला फोन लावला.

"काय काय विचारलंस तिला?"

"काही नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"बायकोलासुद्धा नाही."

"बरा आहेस ना रे? दे तिला फोन."

दोघी बराच वेळ बोलल्या. मग मी गाडी काढून मायलेकींना त्या बाईच्या भावाकडे सोडून आलो. दोन तासांचा रस्ता, मी एक शब्द बोललो नाही. सगळा वेळ तीच बोलत होती. काय बोलली, ते आत्यालाही सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.