काकूंचं बी. ए.

पापाटोएटो स्टेशनवर आमच्या शेजारच्या काकू कार्ड टॅप करायच्या, तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे. इथे परदेशात ज्येष्ठांना सकाळी नऊनंतर प्रवास फुकट असतो. तसलं कार्ड काकूंच्या पर्समध्ये होतंच. पण त्या पैसे मोजून विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या कार्डावर जायच्या. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "म्हातारी म्हणून फुकट जाण्यापेक्षा विद्यार्थिनी म्हणून पैसे भरून जाते."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळे त्यांचं तोंडभरून कौतुक करतात. आमच्या गल्लीतही करायचे. मी मात्र जळत होते.

मी बी. एस्सी.ला कॉलेजात पहिली आलेली. नवऱ्याच्या वर्क व्हिसामागोमाग इथे आले आणि ईस्ट टामाकीच्या कारखान्यात बिस्किटांचे पुडे खोक्यात भरायला लागले. पुढे शिकायचं तर आमच्या व्हिसावर फी परदेशी विद्यार्थ्यांची, म्हणजे आमच्या आवाक्याबाहेरची. काकू मात्र मुलामुळे कायमच्या रहिवासी झालेल्या, त्यांना इथल्या लोकांची फी. त्या साठी उलटल्यावर विद्यापीठात आणि मी ऐन तिशीत खोक्यांपुढे. माझ्या सुट्टीच्या दिवशी त्यांना स्टेशनवर सोडायलाही मीच.

त्यात त्यांची मिजास. मंडळाने पुरणपोळ्या सांगितल्या की, "नाही गं जमणार, उद्या लेक्चर आहे." सुनेने पाहुणे बोलावले की, "मला सबमिशन आहे." नात म्हणायची, "आजी, चिल." त्यावर काकू म्हणायच्या, "चिल काय? रेफरन्सेस राहिलेत माझे."

एकदा त्यांना निबंध होता, कॉलेजची दारं कुणाला कधी उघडली यावर. काकू एका बोटाने टाइप करायच्या, म्हणून एका रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसले.

"आमच्या तालुक्याला कॉलेज होतं," त्या सांगायला लागल्या, "पण मुलींचं वसतिगृह नव्हतं. दादा मामाकडे राहून शिकला. माझी वेळ आली तेव्हा मामा म्हणाला, मुलीची जबाबदारी नको बाबा. झालं माझं शिक्षण."

मग वर्गातल्या एका माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतल्या, मैत्रिणीचं सांगितलं. "तिच्या आईला शाळेत धुणं नि स्वयंपाक शिकवला. कॉलेजचं नावच कुणी काढलं नाही तिच्यापुढे. अगं, प्रत्येकीला कुणी ना कुणी दारात थांबवलेलंच असतं."

"मला तर आत्ता थांबवलंय, काकू," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठून चहा टाकला. मला त्यांचा चहासुद्धा नकोसा झाला होता. तरी निबंध पुरा केला. त्याला ए मायनस मिळाल्याचं त्यांनी कुंपणावरून ओरडून सांगितलं, तेव्हा मी हसले आणि घरात येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

शेवटचे दोन पेपर राहिले होते आणि काकू झोपेतच गेल्या.

त्यांच्या घरी भेटायला गेलो. मुलगा हॉस्पिटलात डॉक्टर, शांत, भला माणूस. आलेल्यांना सांगत होता, "शेवटपर्यंत हॅपी होती आई. बाबा गेल्यानंतर युनिव्हर्सिटीचा छान टाइमपास झाला तिला." लोक माना डोलवत होते.

"दादा, टाइमपास म्हणू नका," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. नवऱ्याने माझा हात दाबला, तरी मी थांबले नाही. "मी इतकी वर्षं जळत होते त्यांच्यावर. टाइमपासवर कुणी जळत नाही."