आजोबांना टक्कल परत केलं त्याची हकीकत

तमाम घाटकोपरकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील दिवंगत आजोबांचं टक्कल त्यांना सन्मानपूर्वक परत करण्यात आलं आहे. काढून घेणाराही मीच होतो आणि परत करणाराही मीच.

आजोबा मूळचे मालवणकडचे, गिरणीत आयुष्य गेलेलं. ते वारले तेव्हा घाईघाईत ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला होता. त्यात नाक सोडून काहीच दिसत नव्हतं. वर्षश्राद्धाला तरी भिंतीवर नीट चित्र हवं, असं आजींनी दोन्ही मुलांना बजावलं. मोबाइलवर एकच बरा फोटो सापडला. त्यात आजोबा गच्चीवर बनियन घालून पापड राखत बसलेत. मी टॅबलेटवर चित्रं काढतो हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सांगत फिरतो. काम माझ्याकडे आलं.

दोन बैठकांत चित्र झालं आणि चांगलं झालं. मग थोरला मुलगा डोकावला.

"झकास रे! फक्त थोडे केस दे ना. लग्नात केवढे होते त्यांना!"

दिले. धाकटा आला. "यार, बनियनवर लावणार भिंतीवर? कोट घाल ना."

घातला. थोरली सून हळूच म्हणाली, "भाऊजी, किंचित उजळ करा ना. फार नको, माझ्या बाबांएवढे."

तेही केलं. कागदावर काम करताना जास्त घासलं की कागद सोलवटतो, रंगाचा चिखल होतो आणि हात आपोआप थांबतो. टॅबलेटवर तसं काही नाही. प्रत्येक भर वेगळ्या लेअरवर, चित्रावर काच ठेवावी तशी. नको वाटली तर उचलली. काही बिघडतच नाही, म्हटल्यावर थांबायचं कशाला? टाळी पडल्यावर नट वाक्य लांबवतो तसा मी सुटलो. कुणी न सांगता जबडा रेखीव केला, डोळ्यांत एकेक चांदणी ठेवली. आजोबा आता एखाद्या बँकेचे अध्यक्ष दिसत होते.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी आजी खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या. टॅबलेट समोरच उघडा होता. त्यांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं, कौतुकाने मान हलवली आणि विचारलं, "माणूस बरो दिसता. आणि आमच्या ह्यांचो कधी करतलस रे?"

माझ्या तोंडात वडी होती म्हणून बरं. "उद्या सकाळी देतो आजी," एवढंच बोललो.

त्या गेल्यावर एकेक लेअर बंद करत गेलो. केस गेले, कोट गेला, गोरेपणा उतरला. चांदण्या विझल्या. जबडा सैल झाला, गालांवरचे पांढरे खुंट परत आले. ओठ डावीकडे जरा वाकडा होता. तो सरळ करायला हात असा शिवशिवला म्हणता! एक रेघ, कुणाला कळलंही नसतं. टॅबलेट बंद केला आणि तो कपाटावर ठेवून खाली भाजी आणायला गेलो. घरात राहिलो असतो तर ओढलीच असती.

सकाळी चित्र तसंच छापून घेतलं आणि फ्रेम भिंतीवर चढली. थोरला माझ्या कानाशी आला. "वाट लावलीस ना! केस कुठे गेले?" धाकटा बनियनकडे बघत होता आणि मग माझ्याकडे. मी भटजींमागे सरकलो.

तेवढ्यात आजी हार घेऊन पुढे आल्या. फ्रेमसमोर थबकल्या. हार हातातच राहिला. पदर सावरून, सगळ्या जमलेल्या पाहुण्यांदेखत त्या खेकसल्या, "अवो, फोटो काढूचो होतो तर दाढी तरी करूची होती!"